वंशवृक्ष आणि घरची बोली

गेल्या नाताळच्या सुटीच्या आधीं आमच्या वडशाच्या घरीं एकाच आठवड्यांत दोन आमंत्रणें आलीं. एक पुण्याहून आलेलें. गुळगुळीत कागदावर छापलेलें, माथ्यावर कुलस्वामिनीचें चित्र आणि खालीं आमच्या घराण्याच्या कुलसंमेलनाचा दोन दिवसांचा कार्यक्रम. दुसरें आलें तें वैनगंगेकांठच्या एका खेड्यांतून, आणि तें तोंडी. पूर्वी आमचें शेत वाट्यानें करणाऱ्या कुटुंबांतील एक गृहस्थ दारांत उभे राहून म्हणाले, "गुरुजी, औंदा आमच्या गावाले पट हाय, राती नाटक हाय. बाईलेबी आना जी. लेकी-जवाई सारे येऊन रायले."

दोन्ही आमंत्रणें आम्हीं स्वीकारलीं. त्या दोन ठिकाणीं जें पाहिलें व ऐकलें, त्यावरून मनांत एक प्रश्न उभा राहिला. तो आमच्या बहुतेक वाचकांच्या घरांतलाच असल्यामुळें येथें मांडीत आहें.

आधीं स्वतःविषयीं चार शब्द सांगणें भाग आहे. आमचें घराणें मूळ कोंकणांतलें. आजोबा रेल्वेच्या नोकरीनिमित्त येथें आले, त्या वेळीं गोंदियाहून चांद्याकडे लहान रुळांची गाडी धावत असे. ते येथें आले आणि येथलेच झाले. तेव्हां वडसा चांदा जिल्ह्यांत मोडत असे. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला तेव्हां तें त्या जिल्ह्यांत गेलें. सरकारी दप्तरांत तालुक्याचें नांव देसाईगंज; स्टेशनच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडीं मात्र वडसा. मी येथें जन्मलों, येथेंच शिक्षकाचा पेशा केला आणि येथेंच निवृत्त झालों. मुलगा बेंगळूरास असतो. त्याची अकरा वर्षांची मुलगी सुटीसाठीं आमच्याकडे आलेली होती; तिलाही आम्ही पुण्यास घेऊन गेलों.

संमेलन थाटाचें झालें. मंगल कार्यालयाच्या एका भिंतीवर या टोंकापासून त्या टोंकापर्यंत वंशवृक्ष टांगला होता. मूळ पुरुषापासून चौदा पिढ्या, शाखोपशाखा, कोंकणांतून देशावर, देशावरून वऱ्हाड-नागपुराकडे, आणि शेवटच्या दोन पिढ्यांत तर साता समुद्रांपलीकडे. प्रत्येक जण त्या कागदावर आपलें नांव शोधीत होता. माझ्या नातीनेंही शोधलें. तिला शाळेंत हिंदी असल्यामुळें देवनागरी अक्षरें येतात. स्वतःचें नांव सांपडतांच तिनें त्यावर बोट ठेवलें आणि तिचा चेहरा फुलला. मग खालची दोन ओळींची माहिती तिनें अडखळत वाचली आणि माझ्याकडे वळून इंग्रजींत विचारलें कीं, याचा अर्थ काय? जें तिच्याविषयींच लिहिलें होतें, तें तिला परक्या देशांतील शिलालेखासारखें वाटलें.

दुपारच्या बैठकींत वडीलधाऱ्यांनीं आठवणी सांगावयाच्या होत्या. आमच्या आत्याबाई, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याऐंशी, यांस पहिला मान मिळाला. त्यांचा जन्म वडशाचा. लग्न होऊन त्या पुण्यास गेल्या. त्यांनीं आपल्या लग्नाचीच हकीकत काढली. अवकाळी पाऊस लागून वैनगंगेला पाणी चढलेलें, गाड्या बंद, वऱ्हाड पैलतीरावर ब्रह्मपुरीच्या बाजूस अडकलेलें, आणि मुहूर्त टळूं नये म्हणून नवरदेवाला डोंग्यांत बसवून आणण्याचें ठरलें. गोष्ट ऐन रंगांत आली तोंच मागच्या रांगांतील मुलें चुळबुळूं लागलीं. कोणाच्या हातांत मोबाईल आला, कोणी उठून बाहेर गेलें. एका उत्साही स्वयंसेवकानें मुलांसाठीं इंग्रजींत सांगितलें कीं, आजी जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत आहेत. एवढाच अनुवाद! आत्याबाई थांबल्या. चष्मा काढून पुसला आणि जवळ बसलेल्या माझ्या पत्नीस हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगूं ग मी?" डोंगा नदीच्या मध्यावरच राहिला.

त्यानंतर नव्या कुलवृत्तांताची चर्चा झाली. परदेशस्थ मंडळींच्या सोयीसाठीं तो इंग्रजींत काढावा असा ठराव आला, आणि फारशी हरकत न येतां मंजूर झाला. मीही हात वर केला होता, हें येथें कबूल करतों.

*

कुळाची आठवण जपणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं. श्राद्धाच्या वेळीं पिता, पितामह, प्रपितामह अशीं तीन पिढ्यांचीं नांवें गोत्रासह उच्चारावीं लागतात. त्यामुळें निरक्षर माणसालाही पणज्याचें नांव मुखोद्गत असे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या हातच्या नोंदी सांपडतात, आणि त्यांतल्या कित्येक मोडींत असतात. राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापावयास घेतलीं, १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि घरोघरच्या माळ्यावरील दप्तरांकडे लोक नव्या दृष्टीनें पाहूं लागले. याच हवेंत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एकामागून एक घराण्यांचे कुलवृत्तांत निघाले. गांवोगांव पत्रें पाठवून, कोणाच्या सनदा, कोणाच्या टिपणवह्या मिळवून, पदरमोड करून ज्यांनीं हें काम केलें त्यांचे उपकार विसरतां येणार नाहींत.

परंतु पुण्याहून परततांना गाडींत आमच्या घराण्याचा जुना वृत्तांत चाळीत असतां एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. सबंध ग्रंथ पुरुषांचा आहे. मुलगा झाला कीं त्याची शाखा पुढें चालते. मुलगी झाली कीं "अमुक गांवीं अमुक घराण्यांत दिली" एवढी ओळ, आणि तेथें फांदी संपते. सून आली कीं तिचें माहेरचें नांव कंसांत. आत्याबाईंची नोंद अशीच सहा शब्दांची आहे. आतां पाहा, घरांत बोली कोणाकडून चालत येते? आपण तिला मातृभाषा म्हणतों तें उगीच नव्हे. जात्यावरच्या ओंव्या, उखाणे, पाळण्याचीं गाणीं, हळदीकुंकवाचें बोलणें, पदार्थांचीं नांवें, रागावण्याच्या आणि लाडाच्या तऱ्हा हें सर्व आई, आजी, आत्या, मावशी यांच्याकडून मुलाच्या कानांत पडतें. म्हणजे ज्या माणसांच्या हातांतून भाषा पुढच्या पिढीकडे जाते, नेमकीं तींच माणसें आपल्या वंशवृक्षाच्या काठावर उभीं आहेत. वृक्ष नांवांचा आहे, आणि नांव कोणत्याही लिपींत लिहितां येतें. बोलीचें तसें नाहीं.

*

आडनांव टिकलें आणि भाषा गेली, याचें एक ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेंत आहे. आज कॅनडांतील नोव्हा स्कोशिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यावर सतराव्या शतकांत फ्रान्समधून आलेलीं शेतकरी कुटुंबें वसलीं. त्या मुलखाचें नांव अकेडिया. १७१३ च्या तहानें तो मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि राजनिष्ठेची बिनशर्त शपथ घेत नाहींत या कारणावरून १७५५ सालीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं त्या लोकांस हद्दपार करण्यास आरंभ केला. आठ वर्षें हें चाललें. सुमारें चौदा हजार वस्तीपैकीं दहा हजारांहून अधिक माणसांना जहाजांत घालून देशोधडीस लावण्यांत आलें; घरें जाळलीं गेलीं, भाऊ एका जहाजांत तर बहीण दुसऱ्या. त्यांच्या ताटातुटीवर लाँगफेलो या अमेरिकन कवीनें १८४७ सालीं 'इव्हँजेलिन' हें काव्य रचलें. पुढें या लोकांपैकीं कांहीं दक्षिणेकडे लुइझियानांत जाऊन राहिले, तर कांहीं आजच्या न्यू ब्रन्सविक प्रांतांत स्थिरावले.

या विखुरलेल्या लोकांनीं १९९४ सालीं आपलें जागतिक संमेलन भरविलें आणि तेव्हांपासून तें साधारणपणें दर पांच वर्षांनीं भरतें. पहिलें न्यू ब्रन्सविकमध्यें झालें, १९९९ चें लुइझियानांत, आणि २०२४ चें नोव्हा स्कोशियाच्या नैऋत्य किनाऱ्यावर. त्याचा मोठा भाग म्हणजे आडनांववार कुलमेळावे. लेब्लां, लांद्री, कॉर्मिए, थिबोडो अशा एकेका आडनांवाचे लोक दूरदूरच्या देशांतून येऊन एकत्र जेवतात आणि आपला मूळ पुरुष शोधतात. त्यांच्यांत स्टीफन व्हाइट नांवाचे वंशावळींचे संशोधक आहेत. १६३६ ते १७१४ या काळांतील अकेडियन घराण्यांचा त्यांनीं केलेला कोश मोंक्टन येथील विद्यापीठाकडून १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या कुलवृत्तांतकारांस तो पाहून नक्कीच धन्यता वाटेल.

आतां यांतील दोन शाखांकडे पाहूं. लुइझियानाच्या १९२१ च्या घटनेनें सरकारी शाळांतील शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें असें ठरविलें. शाळेंत फ्रेंच शब्द तोंडांतून निघाला तर मुलांना शिक्षा होई. पुढें हीं मुलें आईबाप झालीं, तेव्हां त्यांनीं ठरविलें कीं, आपण भोगलें तें आपल्या मुलांनीं भोगूं नये. आणि तीं मुलांशीं मुद्दाम इंग्रजी बोलूं लागलीं. कोणीही त्यांच्या घरांत शिरून भाषा काढून नेली नव्हती. लाजेमुळें त्यांनीं ती स्वतःच उंबऱ्याबाहेर ठेवली. राज्यानें १९६८ सालीं फ्रेंच भाषेच्या संवर्धनासाठीं खास परिषद नेमली. पण तोंवर एक सबंध पिढी निघून गेली होती. तेथें आज फ्रेंच आडनांवें उदंड आहेत, तीं बोलणारीं घरें थोडीं. उलट न्यू ब्रन्सविकमध्यें १९६३ सालीं फ्रेंच माध्यमाचें विद्यापीठ निघालें, १९६९ सालीं फ्रेंच ही इंग्रजीच्या बरोबरीनें राजभाषा झाली, आणि गांवोगांवच्या घरांत, देवळांत, दुकानांत ती चालूच राहिली. आजही त्या प्रांतांतील सुमारें तीस टक्के लोकांची ती मातृभाषा आहे. आडनांव दोन्हीकडे तेंच, वंशवृक्षही तोच. फरक पडला तो एवढाच कीं, एकीकडे भाषेला रोजचें काम उरलें, दुसरीकडे उरलें नाहीं.

आपल्यांतही असे दाखले आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून जीं मराठी कुटुंबें तंजावराकडे गेलीं, त्यांच्या वंशजांच्या घरांत आजही मराठी बोलली जाते. तें राज्य १८५५ सालींच संपलें. मराठी शाळा नाहींत, लिहिणें तमिळ लिपींत, क्रियापदांना तमिळ वळण लागलेलें. तरी सासू सुनेशीं मराठींत बोलते म्हणून ती बोली जिवंत आहे. त्याच तंजावरास बृहदीश्वराच्या देवळांत दुसऱ्या सरफोजीराजांनीं १८०३ सालीं भोसले कुळाचा सबंध वृत्तांत मराठींत दगडावर कोरवून ठेविला आहे. एवढा टिकाऊ कुलवृत्तांत दुसऱ्या कोणत्या घराण्याच्या नशिबीं आला असेल? परंतु तंजावरची मराठी त्या दगडानें राखलेली नाहीं, ती तेथील स्वयंपाकघरांनीं राखलेली आहे. मॉरिशसला याच्या उलट दिसतें. एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतून मजुरीसाठीं गेलेल्या लोकांच्या नातवंडां-पणतवंडांनीं तेथें मराठी मंडळ्या काढल्या, सण राखले, शाळांत मराठी विषय आणला. हें सारें स्तुत्य आहे. पण घरांत बहुतेक क्रिओलच बोलतात, आणि त्यामुळें मराठी ही तेथें पुस्तकाची व सणावाराची भाषा होऊन बसली आहे.

*

आतां वडशास परत येऊं. पुण्याहून आम्ही आत्याबाईंना बरोबर घेऊन आलों. वीस वर्षांत त्यांनीं माहेर पाहिलें नव्हतें. तिसऱ्या दिवशीं ठरल्याप्रमाणें आम्ही सर्व त्या खेड्यास गेलों.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील जंगल, तळीं आणि धानाच्या बांध्या यांच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान घरांत आलें कीं येथें दिवाळीपासून मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे गांवची जत्राच. दिवसा बाजार आणि दंडारीचे खेळ, रात्रीं नाटक. पुढें होळीपर्यंत कोठें बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, कोठें नुसतें नाटक. न्यायालयाच्या बंदीमुळें २०१४ पासून कांहीं वर्षें पट थांबले होते; २०२१ अखेरीस ते पुन्हा मोकळे झाले. या नाटकांची राजधानी आमचें वडसा. मोसम आला कीं येथें नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्या गजबजतात, खेड्यांतील मंडळी येऊन तारखा ठरवितात, आणि रात्रीं दहाच्या सुमारास सुरू झालेला खेळ पहांटेपर्यंत चालतो. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां बाहेरच्या जगाचें इकडे थोडें लक्ष गेलें.

परंतु मला त्या रात्रीं जें दिसलें तें नाटकापेक्षां निराळें होतें. गांवांत एकही घर असें नव्हतें कीं ज्यांत पाहुणे नव्हते. लग्न होऊन गेलेल्या लेकी मुलांबाळांसह आलेल्या, जांवई आलेले, व्याही आलेले. दिवसभर स्वयंपाक, गप्पा, मुलामुलींच्या सोयरिकींचीं बोलणीं. ज्या घरीं आम्ही उतरलों तेथें चार बहिणी चार गांवांहून आल्या होत्या, आणि त्यांचीं अकरा मुलें अंगणांत एकच कल्ला करीत होतीं. यांच्यापाशीं वंशवृक्ष नाहीं, छापलेला वृत्तांत नाहीं, वर्गणीचें पावतीपुस्तक नाहीं. पण हें दरसालचें कुलसंमेलनच होतें, आणि तें लेकींचें होतें! त्यांत आजी नातवंडांशीं ज्या बोलींत बोलत होती, त्याच बोलींत नातवंडें भांडत होतीं. कोणी दुभाषा लागला नाहीं.

ती बोली म्हणजे झाडीबोली. तींत ण आणि ळ नाहींत, श आणि ष नाहींत; पाणी तें पानी, डोळा तो डोरा. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं या बोलीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून तिचा शब्दकोश तयार केला, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून तिचीं साहित्यसंमेलनेंही भरूं लागलीं. अशुद्ध मराठी म्हणून हिणविलेल्या या बोलींत जुन्या महानुभावी गद्याशीं जुळणारे शब्द आढळतात असें अभ्यासक सांगतात. मात्र सारेंच आलबेल आहे असें मानण्याचें कारण नाहीं. रात्रींच्या नाटकांत नायक आणि नायिका प्रमाण मराठी बोलत होतीं. झाडीबोली होती ती विनोदी नोकराच्या तोंडीं. तो बोलला कीं लोक हंसत. ज्या बोलींत दिवसभर लेकींचें स्वागत झालें, तीच रात्रीं मंचावर येतांच हंसण्याचा विषय झाली. पुढें याचा परिणाम काय होतो तें लुइझियानानें दाखविलेंच आहे.

आणि येथें मला माझ्या घरचीच एक गोष्ट आठवली. लहानपणीं मी शेजारच्या मुलांबरोबर खेळून घरांत आलों आणि "पानी दे" म्हणालों, कीं आई पाण्याचा गडू हातांत देण्याआधीं विचारी, "काय म्हणालास?" मी "पाणी" असा उच्चार करीपर्यंत गडू मिळत नसे. तिचा हेतु वाईट नव्हता. परक्या मुलखांत आपली भाषा राखावी ही तिची तळमळ होती, आणि तिच्यामुळेंच माझी मराठी टिकली. पण त्याबरोबर माझ्या मनांत एक गोष्ट ठसली. ती अशी कीं, उंबऱ्याबाहेरची बोली लाज वाटावी अशी असते. पुढें शिक्षक झाल्यावर मीही वर्गांतल्या मुलांना तसेंच टोंकलें. किती मुलांनीं त्यामुळें तोंड मिटलें असेल तें तींच जाणोत. आणि आज माझी नात चारचौघांत मराठी बोलण्यास लाजते, तेव्हां मला वाईट वाटतें! लाज शिकविणारे आम्हीच. आम्हांला वाटलें होतें कीं ती झाडीबोलीपाशींच थांबेल. ती एक पायरी वर चढून आमच्याच मराठीपाशीं आली, एवढेंच.

*

यावर कांहीं करतां येण्यासारखें आहे काय? मोठमोठ्या चळवळींचें बोलणें माझ्या आवांक्याबाहेरचें आहे; परंतु ज्या कुटुंबांत कुलसंमेलनें भरतात, किंवा पुढेंमागें भरावयाचीं आहेत, त्यांच्यापुढें चार गोष्टी नम्रपणें ठेवितों.

पहिली गोष्ट, घराण्याच्या लेकींना बोलवावें. पाहुण्या म्हणून नव्हे, घरच्या म्हणून, आणि त्यांच्या मुलाबाळांसह. कुलवृत्तांतांत त्यांची शाखा लग्नापाशीं तोडूं नये. सुनांच्या माहेरचीही हकीकत घ्यावी, कारण अर्धी बोली तेथून आलेली असते.

दुसरी गोष्ट, वृत्तांतांत नांवें आणि सनावळी यांच्या जोडीला शब्दांची वही असावी. प्रत्येक घराण्यांत चार-दोनशें शब्द, म्हणी आणि पदार्थांचीं नांवें अशीं असतात कीं जीं शेजारच्या घरांत कळत नाहींत. तीं सांगणारी पिढी आज पंचाऐंशीच्या पुढें आहे. ओंव्या, पाळणे, उखाणे ज्याच्या त्याच्या तोंडून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. तंत्र आतां प्रत्येकाच्या खिशांत आहे. हवी आहे ती सवड.

तिसरी गोष्ट, संमेलनाच्या दोन दिवसांत निदान दोन तास असे ठेवावे कीं ज्यांत अनुवाद नाहीं. आजीनें सांगावें आणि मुलानें ऐकून तें लिहावें, जसें येईल तसें, कोणत्याही लिपींत. चुकीबद्दल कोणी हंसूं नये, हा एकच नियम. इंग्रजी वृत्तांत काढावयाचा तर जरूर काढावा. दूरच्या मुलाला आपलें मूळ कळलेंच पाहिजे. पण तो मराठी वृत्तांताच्या शेजारीं असावा, त्याच्या जागीं नसावा. माझा वर गेलेला हात मीं एका पत्रानें खालीं घेतला आहे.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत कठीण. भाषेला काम द्यावें. नातवंडांशीं आठवड्यांतून एकदां दूरध्वनीवर बोलतांना आपण मराठींत बोलावें, त्यांनीं इंग्रजींत उत्तर दिलें तरी. वर्षांतून पंधरा दिवस त्यांना अशा ठिकाणीं आणून सोडावें कीं जेथें मराठी आल्याखेरीज खेळांत घेत नाहींत. हा शेवटचा उपाय मला ठाऊक नव्हता. तो मला त्या खेड्यानें शिकविला.

कारण त्या दिवशीं माझ्या नातीचें असें झालें. सकाळीं ती आपल्या आजीच्या पदराआड उभी होती. दुपारीं त्या अकरा मुलांपैकीं एकीनें तिचा हात धरून तिला लगोरीला ओढली. त्या मुलींना इंग्रजी येत नव्हतें आणि हिला खेळावयाचें होतें. मग मार्ग एकच उरला. संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडीं दहा-वीस शब्द आले. रात्रीं नाटकाला ती त्यांच्याच तरटावर बसली, आणि कधीं झोंपली तें तिलाही कळलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आमच्या ओसरीवर आत्याबाई भाताचे खडे निवडीत बसल्या होत्या. नात त्यांच्याजवळ जाऊन बसली. थोडा वेळ ताटांतले खडे वेंचण्यांत गेला. मग तिनें मान वर करून एक-एक शब्द जुळवीत विचारलें, "मग डोंगा बुडला का जी? नदीच्या पानीमध्यें?"

"पानी" ऐकतांच माझ्या तोंडांतून जुन्या संवयीनें दुरुस्ती निघणार होती. मीं ती गिळली. आत्याबाईंनीं ताट बाजूला सारलें, नातीला जवळ ओढलें, आणि पुण्यास अर्ध्यावर राहिलेली गोष्ट पुढें चालूं झाली.